शेषाचा न्याय

गणितांतील सूक्ष्म चूक हा नीतीचा विषय होऊं शकतो काय, हा प्रश्न पंडितांच्या सभेंत नव्हे, तर बोईसरहून पालघरकडे येणाऱ्या लोकलमध्यें आमच्यापुढें उभा राहिला. आमचा एक विद्यार्थी स्वतः रचलेला संगणकावरील खेळ आम्हांस दाखवीत होता. शत्रूचें बळ १ आणि प्रत्येक प्रहारानें तें ०.१ नें घटावें, अशी त्याची योजना. दहा प्रहार झाले, पडद्यावर शून्य उमटलें; पण शत्रु उभाच! "सर, शून्य दाखवतोय, तरी पडत नाही," असें तो खिन्नपणें म्हणाला.

ह्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. आपल्या दशमान लेखनांत एकतृतीयांश जसा कधींच संपत नाहीं, तसा यंत्राच्या द्विमान लेखनांत एकदशांश संपत नाहीं. यंत्राजवळ जागा मोजकी, म्हणून शेपूट छाटावें लागतें. दहा वजाबाक्यांनंतर दशांशचिन्हापुढें पंधरा शून्यें आणि मग कोठें एक अंक, एवढा शेष उरतो. तेवढ्यावर शत्रु जगतो.

ह्यांत कोणाचा अपराध नाहीं. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें परिघ व व्यास ह्यांचें जें प्रमाण दिलें तें ३.१४१६ येतें, आणि तें 'आसन्न', म्हणजे जवळचें, आहे असें त्यानें स्पष्ट सांगून ठेवलें. अपूर्णता अटळ आहे. ती कबूल करणें हा प्रामाणिकपणा.

परंतु विद्यार्थ्यानें पुढें जो उपाय केला तेथें नीतीचा प्रश्न सुरू झाला. प्रत्येक प्रहाराचा अपूर्णांक टाकून द्यावा, असें त्यानें ठरविलें. आतां ४०.४ चा प्रहार ४० झाला, आणि ०.४ चा शून्य. नियम दोघांस एकच. पण बलवानाचा शंभरांतील सुमारें एक भाग गेला, दुर्बळाचें सर्वस्व गेलें. त्यानें हजार प्रहार केले तरी ते झालेच नाहींत!

असा प्रसंग आपल्या देशानें व्यवहारांतही पाहिला आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचें नाणें नव्हतें, म्हणून त्याचे सहा धरले. सोळा आणे एकदम घेणारास पूर्ण शंभर मिळाले. एकेक आणा करून सोळा वेळां घेणारास शहाण्णव. कॅनडांतील व्हँकूव्हरच्या शेअरबाजारानें तर १९८२ मध्यें १००० पासून सुरू केलेला निर्देशांक दर वेळीं तिसऱ्या दशांशस्थळानंतर छाटला; नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४.८११ वर आला, आणि चूक सुधारतांच १०९८.८९२ निघाला.

कोणी म्हणेल, हिशेब कोठें तरी संपलाच पाहिजे. कणाकणाचा शेष वाहत बसल्यास जगाचा व्यवहार थांबेल. हें आम्हांस मान्य आहे. पण किती वेळां छाटावें आणि कोणाच्या बाजूनें, हें यंत्र ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो. १९८५ मध्यें ठरलेल्या यंत्रगणिताच्या प्रमाणांत मुख्य नियम असा आहे कीं, बरोबर अर्धा शेष आल्यास जवळच्या सम अंकाकडे जावें. म्हणजे तो कधीं वर जातो, कधीं खालीं, आणि तोटा एकाच पक्षाच्या माथीं बसत नाहीं. ज्या नियमांत शेष नेहमीं बळिष्ठाच्याच पदरीं पडतो, त्यास गणिताची सोय म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग होय.

हें आम्हीं बोलत असतां विद्यार्थी हळूच म्हणाला, "बाबांचं असंच होतं." त्याचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामास आहेत. जादा काम पूर्ण अर्ध्या तासांनींच मोजतात. रोजचीं वीस मिनिटें सुटतात. सव्वीस दिवसांचीं तीं ५२० मिनिटें होतात, म्हणजे आठ तास चाळीस मिनिटें. एक सबंध पाळी आणि वर थोडें. महिन्याची बेरीज आधीं करून मग एकदांच छाटलें असतें, तर दहाच मिनिटें गेलीं असतीं.

उमरोळी मागें पडलें तेव्हां विद्यार्थ्यास मार्ग सुचला होता. दुकानदार अर्धा रुपया न लिहितां पन्नास पैसे लिहितो, त्याप्रमाणें त्यानें बळ दशांशांतच मोजलें: शत्रूचें १०, प्रहाराचें १. दहाव्या प्रहारास शत्रु पडला. पालघरास उतरतांना मुलगा आनंदांत होता. त्याच्या वडिलांचीं वीस मिनिटें मात्र त्या दिवशींही सुटलींच असतील.