क्षमा कोणी करावयाची?

२००२ साली अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने बॉस्टन धर्मप्रांताची कागदपत्रे उघड झाली. बालकांवर लैंगिक अत्याचार केलेल्या धर्मगुरूंची वरिष्ठांनी एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदली केली होती. तेथील पालक मात्र अंधारात होते. त्याच वर्षी डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावे लागले.

चुकलेला मनुष्य सुधारतो, त्यास संधी द्यावी, असे समर्थन केले गेले. आम्ही विचारतो, ही दया कोणाच्या जिवावर? ज्याचे बालपण लुटले गेले, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार वरिष्ठांना कोणी दिला? पश्चात्तापदग्धाला देव क्षमा करतो, ही आमची श्रद्धा आहे. परंतु म्हणून त्याच्या हाती पुन्हा मुले सोपवावीत, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

२०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील व्हॅटिकनच्या गुप्ततेचे बंधन उठवले. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा समजताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. नियम झाले, मन बदलावयाचे आहे.

‘मोठा कोण?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला मध्यभागी उभे केले. तक्रार येताच ख्रिस्तसभेने स्वतःची अब्रू बाजूस सारून त्या बालकालाच मध्यभागी ठेवावे.