सरकलेला नंदी

कुंभकोणमजवळील पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराच्या मंदिरात नंदी गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाही. मोत्यांच्या छताखालून येणारा बालसंत ज्ञानसंबंधर दृष्टीस पडावा म्हणून शिवाने त्याला बाजूस सरावयास सांगितले, अशी आख्यायिका आहे. बायबल आरंभापासून अखेरपर्यंत एकच कथा म्हणून वाचणाऱ्यालाही अशीच अखंड दृष्टिरेषा हवी असते. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी जुना व नवा करार ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ पुराण म्हणून ओवीबद्ध केला. मराठी श्रोत्यासाठी ते एकच कथानक झाले.

परंतु क्रमातच अर्थाचा निवाडा दडलेला असतो. ज्यूंचे शास्त्र प्रचलित क्रमाने ‘इतिहासा’पाशी, यरुशलेमेस परतण्याच्या आवाहनाने संपते. मराठी बायबलातला जुना करार मलाखीपाशी, एलीयाच्या आगमनाच्या वचनाने थांबतो. एकाचे परिपूर्ण शास्त्र दुसऱ्याची प्रस्तावना ठरते. निरपराध ईयोबाचा आक्रोशही मग पुढच्या कथेची केवळ पायरी होतो.

म्हणून सलग वाचन त्याज्य ठरत नाही. त्यावाचून ग्रंथाचा आवाका कळणार नाही. मात्र पट्टीश्वरम् येथील नंदी सरकला, नाहीसा झाला नाही. दर्शनासाठी आपण काय बाजूस सारले, याचे स्मरण ठेवणे हीच वाचकाची नीती होय.