उपवास, उपासमार आणि पारणे

सज्जनहो, व्रत कोणते आणि नुसता हट्ट कोणता हे ओळखता आले नाही म्हणजे देवाच्या नावावर देहाचे हाल सुरू होतात. आणि हाल झाले की दोष मात्र देवाच्या पदरी बांधला जातो. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या जंगलपट्टीत, अलीकडे असाच एक प्रकार शिरला आहे. मोबाइलवर कोणी एक सांगतो, ‘सात दिवसांत सात किलो’; आणि लग्न ठरलेली लेक, नाहीतर नोकरीच्या भरतीला निघालेला मुलगा, काकडी आणि लिंबूपाण्यावर दिवस काढू लागतो. आईने ताट पुढे केले तर उत्तर तयार असते, ‘माझा उपवास आहे.’ एकादशी नाही, चतुर्थी नाही, सोमवार नाही. मग हा उपवास कोणत्या देवाचा?

उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहण्यात जेवणाची आठवण मागे पडावी, हा त्या शब्दाचा भाव. इथे तर सगळे उलटेच! दिवसातून चारदा काट्यावर उभे राहायचे आणि रात्री अंथरुणात भाताचा विचार करायचा. नामाच्या जागी किलो बसला. याला उपवास म्हणू नये. उपासमार हा आपल्याकडचा जुना शब्द आहे, आणि दुष्काळ भोगलेल्या माणसांनी तो कधी गौरवाने उच्चारलेला नाही.

भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजाची कथा आपण ऐकतो. वर्षभर त्याने द्वादशीव्रत केले. पारण्याची वेळ आली आणि दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. स्नानाला म्हणून यमुनेवर गेले ते लवकर परतेनात. इकडे द्वादशी सरत चालली. अतिथीच्या आधी जेवावे तर अपराध, पारणे चुकवावे तर व्रतभंग. ब्राह्मणांना विचारून राजाने नुसते पाणी घेतले आणि पारणे साधले. पुढे दुर्वासांचा कोप आणि सुदर्शनचक्राची धाव यांत कीर्तन रंगते, श्रोतेही तिथेच रमतात. पण आमचे लक्ष त्या घोटभर पाण्याकडे जाते. एवढा भक्तराज, पण उपास आणखी लांबवला तर पुण्य वाढेल असे त्याला वाटले नाही. व्रत कधी सोडायचे हे व्रत धरण्याआधीच ठरलेले असते. एकादशी धरणाऱ्याला द्वादशी ठाऊक असते. काट्याच्या उपासाला द्वादशीच नाही! एक किलो उतरला की दुसरा हवा, दुसरा उतरला की तिसरा.

हा भराभर उतरणारा किलो असतो तरी कशाचा, तेही पाहू. यकृतात आणि स्नायूंत शरीर थोडी साखर साठवून ठेवते आणि तिच्याबरोबर तिच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी धरून ठेवते. अन्न तोडले की पहिल्या काही दिवसांत ही साखर संपते व ते पाणी निघून जाते. काटा खाली आला म्हणून माणूस हरखतो, पण गेलेली असते मुख्यतः ओल. पुन्हा जेवू लागला की ती परत येते. उपास तसाच चालू ठेवला तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आणि हृदय हाही स्नायूच आहे, बरे का.

हे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी जेवण सोडून केवळ प्रथिनांचे एक द्रव पिऊन राहण्याची लाट आली होती. ते द्रव जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनसारख्या निकृष्ट प्रथिनांचे असे. पुढे सुमारे साठ मृत्यूंची चौकशी झाली. त्यांत आधी हृदयाचा काही विकार नसलेल्या तरुण स्त्रियाही होत्या. हृदयाची लय बिघडून त्या गेल्या. त्याच्याही आधी, १९४४-४५ साली, मिनेसोटा येथे आन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांना रोज सुमारे १,५७० उष्मांक मिळत. वजन चौथाईने घटले. पण त्याहून विचार करण्याजोगे असे की ही शहाणी माणसे उदास झाली, चिडखोर झाली, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली, आणि त्यांच्या बोलण्यात अन्नावाचून दुसरा विषय राहिला नाही. आता आपल्याकडची पोरे पाचशे उष्मांकांवर राहतो म्हणतात. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात. म्हणजे दिवसभरात दीडशे ग्रॅमही तांदूळ नाही! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बैठे काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरज १,६६० आणि मध्यम कष्टाच्या स्त्रीची २,१३० उष्मांक धरली आहे. चिखलात वाकून रोवणी करणारी बाई बैठ्या कामाची नव्हे, हे आम्ही सांगायला नको.

आता आमच्या मुलखाचे एक वेगळे दुखणे आहे, ते मुंबई-पुण्याहून सांगणाऱ्याच्या गावीही नसते. गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आदिवासी समाजात आणि इतरही अनेक समाजांत. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला बहुधा त्रास जाणवत नाही. दोघांकडून आला तर आजार होतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुटतात. शरीरातले पाणी कमी झाले की हे हमखास बळावते. शिवाय अशा रोग्याची मूत्रपिंडे पाणी नीट राखू शकत नाहीत, म्हणून तो इतरांपेक्षा लवकर सुकतो. अशा लेकराने अन्न-पाणी तोडणे म्हणजे आपल्याच हाताने विळा फिरवणे होय. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले असून रक्ततपासणी हाच त्याचा पाया आहे. ज्या घरात तपासणी झालेली नाही, त्या घराने उपासतापासाच्या गोष्टी करण्याआधी ती करून घ्यावी.

ब्रह्मपुरीकडील एका खेड्यात कीर्तन आटोपून आम्ही ओसरीवर टेकलो होतो. एक माउली आली, पाया पडली, आणि म्हणाली, “महाराज, पोरगी बारा दिवसांपासून जेवूनच नाही राहिली जी. वैशाखात लगन हाये. म्हणते, पोथीतच उपास सांगतला हाये.” मुलीला बोलावले. ओठ सुकलेले, चालताना गुडघा धरलेला. शाळेतल्या तपासणीत सिकलसेल निघाला होता, पण सासरी कळू नये म्हणून घरात त्याचा उच्चार बंद. आम्ही तिला म्हटले, “बाई गं, पोथी आम्ही जन्मभर वाचतो, त्यात हा उपास कुठे आहे ते दाखव. एकादशीही तुला माफ आहे. तुझ्या वाटची आम्ही धरू. आधी पाणी पी, आणि आईबरोबर दवाखान्यात जा.” त्याच रात्री तिला सलाईन लावावे लागले. ती बरी झाली, लग्नही झाले. मुलाकडच्यांना आजाराचे आधी सांगितले. त्यांनीही मुलाचे रक्त तपासून घेतले. हे सगळ्यात शहाणपणाचे झाले.

कोणी म्हणेल, गांधीजींनी २१ दिवस उपवास नाही का केला? केला, फेब्रुवारी १९४३ मध्ये, पुण्याच्या आगाखान राजवाड्यात. परंतु अष्टौप्रहर वैद्य जवळ होते, आणि प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी पाण्यात मोसंबीचा रस घेतला. शिवाय तो केव्हा संपणार हे त्यांनी आधीच जाहीर केले होते. त्यांनाही द्वादशी होती! आणि निर्जला एकादशीचे म्हणाल, तर ती ज्येष्ठात येते, जेव्हा आमच्याकडची भूमी पाऊस पडेपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. भीमाला भूक सोसवेना म्हणून वर्षातून एकच दिवस त्याच्यासाठी काढून दिला, अशी तिची कथा. शास्त्राने भीमाची भूक पाहिली. आपण गरोदर सुनेची, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्याची पाहू नये काय? गोळी पोटात आणि अन्न नाही, अशा वेळी रक्तातील साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडतो. अशांनी तुळशीपत्र घ्यावे आणि जेवावे.

वजन उतरवूच नये असे आमचे म्हणणे नाही. बल्लारपूर-चंद्रपूरकडे बैठी कामे वाढली, मधुमेह वाढला, आणि आमच्या भजनी मंडळींतही पखवाजाआड पखवाजाएवढे पोट दिसते. इंग्लंड-स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी मधुमेही रोग्यांना काही महिने रोज साडेआठशेच्या आतबाहेर उष्मांकांवर ठेवले, आणि वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात राहिला. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. पण तिथे निवडलेले रोगी, मोजलेले क्षारयुक्त अन्न, औषधांत केलेला बदल आणि डॉक्टरांची नजर, हे सारे होते. घरच्या घरी करणाऱ्याने आठवड्याला अर्धा-एक किलोवर समाधान मानावे. भात थोडा कमी, वरण आणि पालेभाजी जास्त, चहातली साखर बंद, आणि रोज तासभर चालणे. चालण्याचे वारकऱ्याला काय सांगावे! पंढरीची वाट चालणारा दिंडीत पंगतीला बसतो आणि मग चालतो. उपाशी पायांनी वारी होत नाही.

आणि ज्याने अज्ञानाने अनेक दिवस अन्न तोडलेच आहे, त्याच्या घरच्यांनी एक गोष्ट फार जपावी. दया येऊन त्याच्यापुढे एकदम भरले ताट ठेवू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेली उपासमारीची माणसे पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली होती. फार दिवसांनी अन्न पोटात गेले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय धोक्यात येते. पाच-सात दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही न खाल्लेल्याला आधी दवाखाना दाखवावा, तिथे रक्तातील क्षार तपासून मग अन्न वाढवतात. अशक्तपणा फार नसेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून, चमच्याचमच्याने द्यावी. पुरणपोळीचा आग्रह तिथे कामाचा नाही. छातीत धडधड, पायांवर सूज, बोलण्यात भ्रम यांपैकी काही दिसले तर पेजेचीही वाट पाहू नये, १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.