आजचं चिंतन : पहिल्या घासाआधी



आजचा श्लोक भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, चौदावा. अनेक घरांत हा अध्याय जेवणाआधी म्हणतात. भगवंत इथे सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि प्राण-अपानाच्या साथीने चारही प्रकारचं अन्न पचवतो. चार प्रकार म्हणजे चावून खायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं. एवढा मोठा परमेश्वर, आणि पत्ता देतो तो आपल्या पोटातला!

मला हा श्लोक खरा कळला तो बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. तीन दिवस तोंडाने काही नाही, सगळं सलाईनवर. राउंडला आलेले डॉक्टर रोज एकच प्रश्न विचारायचे, "काका, गॅस पास झाला का?" चौथ्या दिवशी पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं आणि हळूच म्हणाले, "झाला रे!" आईने तिथेच हात जोडले. ज्या गोष्टीवर आपण शाळेपासून फिदीफिदी हसत आलो, तिच्यासाठी आमचं अख्खं घर देवाला साकडं घालून बसलं होतं. अपान म्हणजे हाच, खाली जाणारा वायू. त्याने साथ दिली, तेव्हा बाबांना दोन चमचे पेज मिळाली.

घास गिळला की आपलं काम संपतं. पुढचं सगळं तो करतो, आपण मोबाईल बघत असतो तेव्हाही. कृतज्ञता म्हणजे हे लक्षात येणं. त्यासाठी प्रमोशन किंवा नवीन फ्लॅट मिळायची वाट बघावी लागत नाही.

याचा तब्येतीशी काय संबंध? रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. एकात काही विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला आभार मानाव्यात अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी दिवसभराच्या कटकटी. दहा आठवड्यांत आभार लिहिणाऱ्यांच्या शारीरिक तक्रारी कमी दिसल्या, व्यायामही ते जास्त करत होते. दुसऱ्या प्रयोगात स्नायू आणि नसांचे आजार असलेल्या लोकांनी २१ दिवस रोज असं लिहिलं. त्यांना झोप जास्त आणि चांगली लागू लागली. आजार होता तिथेच होता, पण रात्र सोपी झाली.

आता एक सांभाळायचं. कुणी खचलेलं असताना "तुझ्याकडे किती आहे बघ, आभार मान" असं त्याला ऐकवू नका. स्वतःलाही नको. पहिल्या अध्यायात अर्जुनाचं तोंड कोरडं पडलंय, अंग कापतंय, गांडीव हातातून निसटतंय. भगवंतांनी आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग कानउघाडणीही केली. पण दुसऱ्याचं दुःख दाखवून त्याचं दुःख लहान केलं नाही. त्यामुळे रडू येत असेल तर रडा. झोप-भूक बरेच दिवस उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा. आत वैश्वानर आहे, मग त्या देहाची काळजी घेणं हीसुद्धा पूजाच.

आणि कृतज्ञता मनात ठेवून भागत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकात भगवंत स्पष्ट म्हणतात, देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. डायरीत दहा आभार लिहिले आणि डबा करून देणाऱ्या ताईंना कधी नीट हाकही मारली नाही, तर हिशेब अपुराच राहिला ना?

म्हणून आजची साधना छोटीशी :

१. जेवताना मोबाईल उलटा ठेवा. पहिल्या घासाआधी एक शांत श्वास आणि त्याचं नाव.

२. हे अन्न ताटात येईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले, त्यातला एक माणूस आठवा.

३. झोपायच्या आधी त्या माणसाला काहीतरी परत द्या. दोन शब्द, थोडी मदत, जे जमेल ते.

पांडुरंगा, आमच्या पोटात तू आहेस, तसाच शेजारच्या उपाशी पोटातही आहेस. याची आठवण राहू दे.

राम कृष्ण हरी!