दुसऱ्यांदा दाद मागण्याची परवानगी

न्यायनिर्णयाला कोठेतरी अखेर असावी, हे जमिनीच्या तंट्यात सर्वांनाच पटते, कारण तसे नसेल तर भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू राहील. परंतु जेथे वादाचा विषय माणसाचे स्वातंत्र्यच असते, तेथे ती अखेर त्याच सहजतेने मान्य करावी काय, हा प्रश्न कायद्याइतकाच धर्मविचाराचाही आहे. बंदी प्रत्यक्षीकरण याचिका, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करून त्याच्या अटकेला कायद्याचा आधार दाखवा असे सरकारला बजावण्याची मागणी, उच्च न्यायालयाने फेटाळली की पुढची वाट परवानगीची असते. एक तर अपिलास योग्य असा घटनात्मक प्रश्न प्रकरणात आहे असे प्रमाणपत्र उच्च न्यायालयानेच द्यावे लागते, नाही तर अनुच्छेद 136 खाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती मिळवावी लागते, आणि ती देणे न देणे सर्वस्वी त्या न्यायालयाच्या विवेकावर असते.

स्मृतिकारांनी हा पेच ओळखला होता. मनुस्मृतीचा नववा अध्याय रीतसर निकालात निघालेला वाद राजाने पुन्हा उकरू नये असे सांगतो, आणि लगेच पुढे, अमात्याने वा न्यायाधीशाने कार्य चुकीचे केले असेल तर राजाने ते स्वतः पाहून त्यांना दंड करावा, अशी पुस्ती जोडतो. नारदस्मृतीत मात्र निकाल धर्माविरुद्ध झाला असे मानणाऱ्याने दुप्पट दंडाची तयारी ठेवून वाद पुन्हा उभा करावा, असे आहे. पुनर्विचाराला जागा दोन्हीकडे आहे. प्रश्न एवढाच की चुकीची जोखीम निर्णय देणाऱ्याने उचलायची की दाद मागणाऱ्याने. आजची व्यवस्था दंड आकारत नसली तरी बंदिवानाच्या बाबतीत ती नारदाच्या बाजूला झुकते, कारण परवानगीची वाट पाहताना तो आयुष्यातील दिवस भरत असतो.

1942 च्या आंदोलनात, 9 सप्टेंबरला नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे साथी गोळीबारात पडले त्या काळात, भारत संरक्षण नियमांपैकी 26 व्या नियमाखाली देशभर माणसे विनाचौकशी डांबली जात होती. त्यांपैकीच एक केशव तळपदे यांचा सुटकेचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला. अपील फेडरल कोर्टापर्यंत गेले आणि एप्रिल 1943 मध्ये सरन्यायाधीश ग्वायर यांच्या न्यायालयाने तो नियमच अवैध ठरवला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून कायद्याची उणीव भरून काढली. तरीही पहिला नकार चुकीचा होता हे जे सिद्ध झाले, ते अपिलाचे दार उघडे होते म्हणूनच.

नंदुरबार जिल्ह्याला अधिक जवळचा धडा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातून मिळतो. नागपूरच्या या स्थानबद्ध माणसाला, म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याआधीच प्रतिबंध म्हणून कोठडीत ठेवलेल्या माणसाला, अटकेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. त्याने मागितलेला हिंदी तर्जुमा नाकारला गेला आणि उच्च न्यायालयातही तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये त्याला मुक्त केले, कारण ज्याला कारणे कळलीच नाहीत त्याला त्यांविरुद्ध निवेदन करण्याची संधी मिळाली असे म्हणता येत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेल्या या जिल्ह्यात घरोघरी भिली, पावरी, मावची बोलली जाते. महाराष्ट्राच्या 1981 च्या स्थानबद्धता कायद्याखाली, ज्याला सर्वत्र एमपीडीए म्हणतात, जिल्हादंडाधिकाऱ्याच्या सहीने हातभट्टीवाला वा धोकादायक व्यक्ती म्हणून कोणालाही, शासनाने आदेशाला मान्यता दिल्यास, बारा महिन्यांपर्यंत ठेवता येते, आणि कारणे पाच दिवसांत कळवावी लागतात. धडगावच्या डोंगरपाड्यातल्या माणसाच्या हाती मराठी कागदांचा गठ्ठा देऊन पोच म्हणून त्याचा अंगठा घेतला, तर हरिकिसनचा प्रश्न जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो, मग भाषा इंग्रजी नसून राजभाषा असली तरी.

येथील विषमता नीट पाहिली पाहिजे. माणसाला कोठडीत घालण्यासाठी शासनाला आधी कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. कोठडीतल्या माणसाला मात्र दुसऱ्यांदा विचारण्यासाठी ती लागते. अनुच्छेद 134अ प्रमाणे प्रमाणपत्राचा तोंडी अर्ज निकाल सुनावताक्षणीच करावयाचा असतो, आणि त्या क्षणी औरंगाबाद खंडपीठात वकील उभा असतो, बंदिवान तुरुंगात असतो. नवे कारण घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद 32 खाली जाता येते, कारण एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा नको हे तत्त्व अशा याचिकेला तितक्या काटेकोरपणे लागत नाही, असे लल्लूभाई पटेल प्रकरणात ठरले आहे. तो मार्ग मोलाचा असला तरी मूळ आक्षेप मिटवत नाही. विशेष अनुमती एका ओळीत, कारण न देता नाकारता येते. इतर दाव्यांत हे सोसण्यासारखे असेल, पण अटकेच्या प्रकरणात नकाराची कारणे लिहिणे न्यायालयावर बंधनकारक असावे, आणि ती बंदिवानाच्या बोलीत त्याला वाचून दाखवली जावीत.