गावपळण आणि टाळेबंदी

मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर या गावांत काही वर्षांच्या अंतराने ग्रामदेवतेचा कौल घेऊन गावपळण होते. गुरेढोरे, कोंबड्या-कुत्री यांसह सारा गाव वेशीबाहेर पडतो, तीन दिवस आणि तीन रात्री झोपड्यांत संसार मांडतो आणि पुन्हा कौल मिळाल्यावाचून घराचा उंबरा ओलांडीत नाही. बंधन कडक, गैरसोय उघड; तथापि त्या मुक्कामाच्या गोष्टी लोक पुढे कितीतरी वर्षे कौतुकाने सांगतात. मग २५ मार्च २०२० पासून जारी झालेल्या टाळेबंदीने, जिचा हेतू प्राणरक्षणाचाच होता, याच मालवण किनाऱ्यावरील कष्टकऱ्यांची शरीरे आणि मने का खचावीत? निग्रह केव्हा तप ठरतो आणि केव्हा शिक्षा, हा धर्मविचारातील मूळ प्रश्न येथे उभा राहतो.

केवळ बंधनाच्या कठोरपणाने याचा उलगडा होत नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीस मनाई असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी विणली जातात आणि त्या सक्तीच्या विश्रांतीने कोणी हताश होत नाही, कारण तिची मुदत ठाऊक असते आणि ती अशा सर्व होड्यांना सारखीच लागू असते. टाळेबंदी मात्र ऐन हंगामात आली. अनेकांनी मिळून जाळे ओढावयाची रापण हाच गर्दीचा गुन्हा ठरला. पुढे मासेमारीस सवलत मिळाली तरी हॉटेले बंद आणि पर्यटक नाहीत, अशा स्थितीत दोर ओढण्यास सरावलेले खांदे आखडले आणि कर्जाच्या हप्त्यांनी झोप उडवली. गीतेच्या सहाव्या अध्यायाने आहार, विहार, कर्म आणि निद्रा यांच्या ज्या प्रमाणबद्धतेला योगाचा पाया मानले, तीच येथून मुंबईस गेलेल्या चाकरमान्याच्या एका खोलीत मोडली: कचेरी अंथरुणापाशी आली, पाठ धरली, डोळे शिणले, काम कोठे संपते हे कळेनासे झाले. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले, त्याचा अर्थ अशा खोल्यांतून उमगतो.

गावी परतलेल्या चाकरमान्याची अवस्था तर अधिक विलक्षण. गावपळणीत गाव एकत्र बाहेर पडतो. येथे गाव आत आणि तो एकटाच शाळेच्या खोलीत विलगीकरणात. सावधगिरी योग्यच होती; परंतु ज्याच्या मनिऑर्डरींवर गावातील कित्येक चुली पेटल्या, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणे हा घाव तापमापकावर उमटत नव्हता.

कोणी म्हणेल, देवाचा कौल श्रद्धेने पाळला जातो, सरकारी हुकूम भयाने. म्हणून तुलनाच व्यर्थ. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. रोग कौलासाठी थांबत नाही, आणि बंदी झाली नसती तर अधिक जीव गेले असते, ही भीती निराधार नव्हती. परंतु केवळ श्रद्धेच्या बळावर गावपळण सुसह्य होत नाही. ठरलेली मुदत, समान वाटा आणि शेजाऱ्याची सोबत यांनी ती सुसह्य होते, आणि या तिन्ही गोष्टी मनुष्याच्या तजविजीतील आहेत. प्राणरक्षणासाठी माणसाला कोंडण्याचा अधिकार ज्या सत्तेला हवा, तिने त्याची भाकरी आणि त्याची सोबत राखण्याचे कर्तव्यही त्याच हुकुमात लिहिले पाहिजे. एरवी ते बंधन कायद्याने वैध असेल, धर्म्य असणार नाही.