ऐकून घेण्याचे ओझे

मोठ्या मुलाने धाकट्याचा हात धरून त्याला शाळेपर्यंत नेणे ही आपल्या समाजातील इतकी जुनी गोष्ट आहे, की तिच्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु त्याच मोठ्या मुलावर धाकट्याचे मन जाणून घेण्याचे काम सोपवले जाते, तेव्हा मात्र प्रश्न उभा राहतो. दिल्ली आणि तिला लागून असलेल्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या नगरांतून नववी ते बारावीचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून प्राथमिक शाळांतील मुलांकडे जाऊ लागले आहेत. राग, भीती, मत्सर, एकटेपणा यांना नावे कशी द्यावीत, मन जड झाले तर कोणाशी बोलावे, हे ते खेळांतून, चित्रांतून, गोष्टींतून शिकवतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आठ वर्षांच्या मुलाचे दुःख ऐकून घ्यावे काय, आणि ऐकलेच तर पुढे त्या दुःखाचे काय करावे, हा विचार येथे कर्तव्य आहे.

हे उपक्रम दिल्ली परिसरात उगवावेत याला कारणे आहेत. २ जुलै २०१८ रोजी दलाई लामा यांच्या उपस्थितीत दिल्ली सरकारने आपल्या शाळांतून बालवर्गापासून आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू केला आणि ज्याला परीक्षा नाही, गुण नाहीत असा एक तास मुलांच्या मनासाठी राखून ठेवला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. प्राथमिक वर्गांतील मुले जवळजवळ दोन वर्षे वर्गाबाहेर राहिली. परतली तेव्हा पाढ्यांबरोबर आणखीही काही हरवले आहे, हे शिक्षकांना जाणवले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने शाळा आरोग्य कार्यक्रम सुरू केला होता. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हावे आणि विद्यार्थ्यांनी संदेशवाहक म्हणून त्यांना साहाय्य करावे, अशी योजना आहे. ‘संदेशवाहक’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे त्याच्याकडे परत यावे लागेल.

मुलाने मुलाला शिकवावे ही कल्पना भारतीय भूमीला नवी नाही. पंतोजींच्या शाळेत मोठा विद्यार्थी धाकट्यांकडून धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने हीच रीत स्वीकारली, १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडातील शाळांत रूढ झाली. मात्र तेथे जे एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात होते ते अक्षर होते. अक्षर चुकले तर धुळपाटी पुसून पुन्हा गिरवता येते. शिवाय अक्षर देणाऱ्यापाशी ते आधीच असते, आणि दिल्याने त्याच्यावर काही भार येत नाही. दुःखाचा व्यवहार उलट दिशेने चालतो. येथे धाकटा देतो आणि मोठा घेतो. शिकवायला म्हणून गेलेला मुलगा तासाच्या शेवटी काहीतरी बरोबर घेऊन घरी जातो.

यावर एक प्रबळ आक्षेप घेता येईल, आणि मराठी वाचकाला तो सहज सुचेल. रुसून, कष्टी होऊन, ताटी लावून आत बसलेल्या ज्ञानेश्वरांना बाहेर कोणी आणले? कोणा वृद्ध आचार्याने नव्हे, तर धाकट्या मुक्ताबाईने, असे परंपरा सांगते. ताटीचे अभंग तिच्याच नावावर आहेत. मग सांत्वनाचा अधिकार वयावर अवलंबून आहे असे कसे म्हणावे? किंबहुना वयाने जवळ असलेल्यालाच दाराआडचा आवाज ओळखता येतो. आठ वर्षांचे मूल जे आईला सांगत नाही, ते एखादे वेळी सोळा वर्षांच्या मुलीला सांगते, कारण ती रागावणार नाही असे त्याला वाटते. हा आक्षेप खराच आहे, म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. परंतु मुक्ताबाई त्या घरचीच होती. तिचे ज्ञानेश्वरांशी असलेले नाते तासाच्या घंटेने सुरू झाले नव्हते आणि शैक्षणिक वर्षाबरोबर संपणारही नव्हते.

दिल्लीची लहान मुले या स्वयंसेवकांना ‘सर’ वा ‘मॅडम’ म्हणत नाहीत. ‘भैया’, ‘दीदी’ म्हणतात. आपल्याकडचे दादा आणि ताई ते हेच. हे संबोधन म्हणजे मुलाने आपल्या बाजूने केलेला करारच असतो, आणि त्यात मुदतीचे कलम नसते. स्वयंसेवकाच्या बाजूने मात्र मुदत असते. फेब्रुवारीत मंडळाची परीक्षा येते आणि दीदी यायची थांबते. मुलाला अंकगणित शिकवणारा बदलला तर फारसे बिघडत नाही; ज्याला गुपित सांगितले तो दिसेनासा झाला तर गुपित सांगण्यावरचाच विश्वास उडतो.

एक प्रसंग कल्पावा. चित्र काढता काढता एखादी मुलगी दीदीच्या कानाशी लागते आणि सांगते, “घरी कुणी नसले की शेजारचे काका येतात. मला ते आवडत नाही. पण तू कुणाला सांगू नकोस.” त्या क्षणी सोळा वर्षांच्या त्या दीदीपुढे दोन कर्तव्ये समोरासमोर उभी राहतात. दिलेला शब्द पाळावा हे तिला लहानपणापासून शिकवले गेले आहे, आणि संकटातल्याला वाचवावे हेही. शब्द मोडला तर धाकटीचा विश्वासघात. पाळला तर त्याहून मोठा घात. येथे कायद्याने काय म्हटले आहे ते पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमलात आलेला, लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकावर तो कळवण्याचे बंधन घालतो. न कळवणाऱ्यास शिक्षा सांगतो. पण न कळवणारा स्वतः अठरा वर्षांखालील असेल तर ती शिक्षा त्याला लागू होत नाही, असेही स्पष्ट करतो. कायद्याची भाषा रुक्ष असते. तरी या अपवादात एक समज आहे. मुलालाही कर्तव्य असते, पण त्या कर्तव्याच्या भाराखाली त्याला चिरडू देऊ नये, असे कायदा मानतो. स्वयंसेवक घडवणाऱ्या प्रौढांनी निदान एवढी तरी समज दाखवायला हवी.

वस्तुतः चर्चेत नेहमी धाकट्याच्याच सुरक्षिततेचा विचार होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली सरकारने ‘देश के मेंटॉर’ ही योजना सुरू केली, तीत १८ ते ३५ वयाचे स्वयंसेवक नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणार होते. बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेच्या कारणावरून तिला हरकत घेतली. ती हरकत ऐकणाऱ्याविषयीच्या संशयातून आली होती, आणि असा संशय आवश्यकच असतो. पण ऐकणारा स्वतःच किशोरवयीन असेल, तेव्हा संशयाबरोबर करुणाही हवी. ज्याने वर्गात धाकट्याला ‘मन मोकळे कर’ असे सांगितले, तो रात्री आपल्या खोलीत स्वतःचे मन कोणापाशी मोकळे करतो?

त्यातच सेवेचा हिशेब ठेवण्याची रीत आली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ पासून नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजोपयोगी कार्य आवश्यक केले आणि इंग्रजी आद्याक्षरांतून त्याला ‘सेवा’ हेच नाव जुळवले. परदेशी विद्यापीठांचे प्रवेशअर्जही अशा कामाची विचारणा करतात. हेतू वाईट नाही. सक्तीने सुरू झालेले काम पुढे आवडीचे होऊ शकते. तथापि दुसऱ्या माणसाला केवळ साधन मानू नये ही कांटची शिकवण खरी मानली, तर एखाद्या मुलाचे रडणे दुसऱ्याच्या प्रमाणपत्रातील एक ओळ व्हावे, हे मनाला खटकल्याशिवाय राहत नाही.

मग हे उपक्रम बंद करावेत काय? तसा निष्कर्ष घाईचा ठरेल. दिल्लीतील सहा सरकारी शाळांत झालेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेशी निगडित संशोधकांनी तो केला होता. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेल्या पदवीधरांनी किशोरवयीन विद्यार्थ्यांना स्वतःच्या अडचणी मांडायला आणि सोडवायला मदत केली. नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांनी आपल्या अडचणी सहा आठवड्यांनी अधिक हलक्या झाल्याचे सांगितले. मानसिक लक्षणांत मात्र तितका फरक दिसला नाही. यातून दोन गोष्टी कळतात. तज्ज्ञ नसलेला माणूसही उपयोगी पडतो, परंतु त्याच्या उपयोगाला सीमा असते. आणि ते पदवीधर प्रौढ होते. त्यांना प्रशिक्षण मिळाले होते आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. त्यांच्या जागी किशोरवयीन मूल उभे करायचे असेल, तर त्याच्यामागची ही व्यवस्था अधिक भक्कम हवी. प्रत्यक्षात ती अधिक विरळ असण्याचाच संभव असतो, कारण फुकट मिळणाऱ्या मदतीमागे खर्च करण्याची बुद्धी संस्थांना क्वचित होते.

येथे ‘संदेशवाहक’ या शब्दाकडे वळता येते. संदेशवाहक संदेश आपल्यापाशी ठेवत नाही. तो पोचवतो, आणि पोचवला की मोकळा होतो. किशोरवयीन स्वयंसेवकाचे नैतिक स्थान हेच आहे. धाकट्याने सांगितलेले दुःख साठवण्याचे पात्र त्याने होऊ नये. ते योग्य प्रौढापर्यंत नेणारा हात व्हावे. त्यासाठी शब्द देण्याची पद्धतच बदलावी लागेल. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन त्याने कधीच देऊ नये आणि पहिल्याच दिवशी मुलांना तसे सांगून टाकावे. ‘मोठ्यांना सांगावे लागले तर आपण दोघे मिळून सांगू’ एवढेच वचन त्याच्या आवाक्यातले आहे, आणि ते पाळण्याजोगेही आहे.

मात्र संदेश घेऊन तो ज्या दाराशी जाईल ते दार उघडे असले पाहिजे. शिक्षक सभेत असतील, समुपदेशकाची जागा रिकामी असेल, मुख्याध्यापक शाळेच्या नावाला जपत असतील, तर निरोप घेऊन आलेले मूल निरोपासह परत फिरते. मुलांनी मुलांचे ऐकावे, हे चांगलेच आहे. पण त्यामुळे मोठ्यांची ऐकण्याची जबाबदारी संपत नाही, उलट वाढते, कारण आता त्यांना दोन मुलांचे ऐकायचे असते: जिचे दुःख आहे तिचे, आणि ते ऐकून जी रात्रभर जागी राहिली तिचे.